माळव्याहून मुंबईस : एका वासंतिक प्रवासाची पूर्वपीठिका

फाल्गुन सरत आला आणि मुलांच्या परीक्षा आटोपल्या, की माळव्यातील मराठी घरांतून एक जुनाच विषय नव्याने निघतो : यंदा मुंबईस जावयाचे की नाही? जावयाचे तर पाडव्याआधी की रामनवमी झाल्यावर? आमच्या देवासच्या घरीही यंदा हा प्रश्न निघाला. मुलांस समुद्र पाहावयाचा होता, उंच इमारती पाहावयाच्या होत्या. मातोश्रींचे म्हणणे एवढेच, की एकदा बाणगंगेवर नेऊन आणा म्हणजे झाले. पुढल्या वर्षी पाय चालतील न चालतील. वकिलीच्या धंद्यामुळे दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घेण्याची सवय जडली आहे, म्हणून मी स्वस्थ ऐकत होतो. इतक्यात धाकट्याने आजीला विचारले, “आजी, मुंबई जर एवढी मोठी, तर आपली माणसं ती सोडून इकडे कशाला आली?”

मातोश्री हसल्या व त्यांनी माझ्याकडे पाहिले. मजपाशी तयार उत्तर नव्हते. प्रवासाचा बेत बाजूस राहिला आणि मी जुनी पुस्तके काढून बसलो. पुढील मजकूर म्हणजे त्या बालसुलभ प्रश्नास दिलेले उत्तर होय. ते थोडे लांबले, त्यास इलाज नाही.

मुलाच्या प्रश्नात एक गृहीत आहे, आणि ते आपणां सर्वांच्या मनात असते. मोठे शहर हे नेहमीच मोठे होते, असे आपण धरून चालतो. वस्तुतः अकराव्या शतकात, भोज राजाच्या कारकीर्दीत, ज्या नगरीची कीर्ती ऐकून दूरदूरचे पंडित व कवी घर सोडून निघत, ती धारानगरी होती. आज इंदुराहून पश्चिमेस सुमारे पासष्ट किलोमीटर गेले की लागणारे जिल्ह्याचे गाव, ते हेच धार. त्या काळी मुंबई म्हणजे कोळ्यांच्या वस्तीची काही बेटे. पुढे कित्येक शतके लोटल्यावर, १६६१ साली, पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहप्रसंगी ही बेटे इंग्लंडच्या राजास देण्याचे ठरले आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षास अवघ्या दहा पौंडांच्या भाड्याने कंपनीच्या स्वाधीन केली. ज्या भूमीच्या एका चौरस हाताची किंमत आज सामान्य गृहस्थास उच्चारवत नाही, तिचा हा जुना भाडेपट्टा प्रत्येक वकिलाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे!

आपली माणसे नर्मदा ओलांडून आली ती अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी आप्पाने मोगल सुभेदार गिरिधर बहादूर व त्याचा नातलग दया बहादूर यांचा मोड केला आणि माळव्याचे दार मराठ्यांस उघडले. उदाजी पवारांच्या घराण्याकडे धार आले. तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंनी देवास येथे बस्तान बसविले. स्वतःस परमारांचे वंशज म्हणविणारे हे घराणे भोजाच्या नगरीत राज्यकर्ते म्हणून परतले, हा इतिहासातील एक विलक्षण योग म्हटला पाहिजे.

या वाटेने केवळ देशावरचे शिलेदारच आले असे नव्हे. आपल्या कोकण-गोमंतकातील सारस्वत मंडळीही लेखणी आणि प्रसंगी तलवार घेऊन उत्तरेस गेली. महादजी शिंद्यांच्या फौजेतील जिवबादादा बक्षी हे केरकर; लखबादादा लाड हे त्यांचेच जातभाई. दूर गेलेल्या या लोकांस घरच्या देवाचा विसर पडला नाही, याचीही साक्ष आहे. १७३९ साली पेशव्यांनी मंगेशी गाव श्रीमंगेशास इनाम दिले, ते सरदार रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या सांगण्यावरून. ज्या देवळांच्या आवारात आज आपण चप्पल काढून निःशंकपणे उभे राहतो, त्यांपैकी काहींच्या वैभवामागे परमुलखात राबलेल्या माणसांची अशी आठवण उभी आहे.

तेव्हा मुलाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे, की आपली माणसे मुंबई सोडून आलीच नाहीत. ज्या काळी ती निघाली, त्या काळी कर्तृत्वाची वाट उत्तरेस जात होती. मुंबई ही त्यांच्या दृष्टीने टोपीवाल्यांची एक वखार होती, एवढेच.

त्या काळी अशा प्रवासाचा बेत कसा ठरत असेल? प्रथम ऋतू. दसऱ्यास सीमोल्लंघन आणि पावसाळ्यापूर्वी छावणीस अथवा घरी परत, हा फौजांचा क्रम. म्हणून चैत्र-वैशाख हा माणसे घराकडे वळण्याचा, लग्नामुंजीचा काळ. दुसरी वाट. नर्मदेचा उतार, मग सातपुड्याचा घाट, सेंधव्याचा किल्ला, तापीकाठचा खानदेश, नाशिक, आणि सह्याद्री उतरून कोकण. तिसरा पैसा. रोकड बरोबर नेणे धोक्याचे, म्हणून सावकाराची हुंडी. शिवाय मुलूख बदलला की नाण्याचा बट्टा आणि नाक्यानाक्यावर जकात. चौथी सोबत. एकटे-दुकटे कुटुंब निघत नसे. काफिला मिळेपर्यंत थांबावे लागे. पाचवा मुक्काम. त्या बाबतीत अहल्याबाई होळकरांचे उपकार प्रवाशांनी किती स्मरावेत! १७९५ मध्ये त्यांचे देहावसान होईपर्यंत महेश्वरच्या त्या राजधानीतून घाट, विहिरी व धर्मशाळा यांचे जाळे देशभर विणले जात होते.

आणि सर्वच प्रवास हौसेचे नसत. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी धारचे यशवंतराव पवार पडले. त्या वर्षीचा वसंत धारच्या वाड्याने कसा काढला असेल, याची कल्पनाच करावी. पुढे तेरा वर्षांनी राघोबादादांनी आपली गर्भवती पत्नी आनंदीबाई हिला धारच्या किल्ल्यात पवारांच्या आश्रयास ठेविले आणि जानेवारी १७७५ मध्ये तेथेच दुसरा बाजीराव जन्मास आला. मराठेशाहीचा शेवटचा पेशवा पुण्यात नव्हे, तर या माळव्याच्या किल्ल्यात, पळापळीच्या दिवसांत जन्मला. किल्ला पाहावयास जाणाऱ्या मुलांस तटबंदीची उंची सांगण्याऐवजी हे सांगितले तर ती अधिक लक्ष देतील.

१८१८-१९ च्या तहांनी माळव्यातील संस्थाने इंग्रजांच्या छत्राखाली आली, पेंढाऱ्यांचा उपद्रव मोडला आणि रस्ते काहीसे निर्भय झाले. देवासची व्यवस्था मात्र कायद्याच्या अभ्यासकास चकित करणारी होती. थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने, दोन राजे, दोन दरबार, आणि गाव एकच. एका अधिकाराची हद्द रस्त्याच्या अलीकडे संपे व दुसऱ्याची पलीकडे सुरू होई. टेकडीवर देवीही दोन, तुळजाभवानी आणि चामुंडा; लोक त्यांस मोठी माता व छोटी माता म्हणतात. राजांनी वाटणी केली तरी भाविकांनी ती मानली नाही; चैत्राच्या नवरात्रात जो टेकडी चढतो तो दोहींचे दर्शन घेऊनच उतरतो.

जुन्या पद्धतीच्या प्रवासाचे शेवटचे मोठे चित्र आपणांस विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात मिळते. कोकणातील वरसईचा हा गरीब भिक्षुक घरचे कर्ज फेडावे म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे पायी निघाला आणि महूच्या सुमारास बंडाच्या वार्तेत सापडला. द्रव्य मिळविण्याचा बेत बहुतेक फसला. परंतु परत येताना आईबापांस स्नान घालण्यासाठी त्याने गंगेची कावड खांद्यावरून घरी आणली. हे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा लेखक हयात नव्हता. प्रवासातून घरी काय आणावे, या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही. त्याच १८५७ च्या ऑक्टोबरात धारच्या किल्ल्यास इंग्रजांनी वेढा घातला, संस्थान खालसा केले, आणि १८६० मध्ये ते अल्पवयीन राजास परत दिले.

वाटेची दिशा उलटी फिरली ती आगगाडीने. १६ एप्रिल १८५३ रोजी, चैत्रातच, बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. १८७० मध्ये मुंबईचा लोहमार्ग जबलपुरापर्यंत पोहोचून पुढे कलकत्त्याच्या मार्गास मिळाला आणि त्यावरील खांडवा हे माळव्याचे दक्षिणद्वार झाले. त्याच वर्षी दुसरे तुकोजीराव होळकर यांनी इंदुरास गाडी यावी म्हणून एक कोटी रुपयांचे कर्ज सरकारास देऊ केले, साडेचार टक्के व्याजाने, एकशे एक वर्षांच्या मुदतीने! १८७६ मध्ये नर्मदेवर पूल झाला. ज्या नदीच्या उतारावर पाण्याची वाट पाहत काफिले थांबत, ती आता गाडीच्या खिडकीतून पैसा टाकून नमस्कार करण्यापुरती उरली. धारच्या वाट्यास मात्र विसाव्या शतकात आगगाडी आलीच नाही. भोजाची राजधानी आडबाजूस राहिली, आणि सात बेटांचे महानगर झाले.

तेव्हापासून शिकण्यास, औषधोपचारास, नोकरीस, नाटकास मुंबई हे समीकरण झाले. तथापि उलट दिशेची वाट अगदीच बंद पडली नाही. होनावरचे सारस्वत सर नारायण गणेश चंदावरकर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तिपद सोडल्यावर काही काळ इंदूर संस्थानचे दिवाण झाले. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर देवासच्या थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांकडे १९२१ मध्ये खाजगी चिटणीस होता. येथील गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने आपल्या १९५३ च्या देवासवरील पुस्तकात विस्ताराने वर्णिला आहे. त्याच महाराजांचे पुत्र १९४७ मध्ये कोल्हापूरच्या छत्रपतींच्या गादीवर दत्तक गेले. पुढल्याच वर्षी, १९४८ मध्ये, दोन्ही देवास व धार मध्य भारतात विलीन झाली, आणि त्याच वर्षी क्षयाने खंगलेला बेळगावकडील एक तरुण गवई कोरड्या हवेसाठी मुंबईहून देवासला आला. कुमार गंधर्वांना महानगराने नाव दिले होते. श्वास मात्र या लहान गावाने दिला. अंथरुणावर पडून ऐकलेल्या माळवी लोकगीतांतून त्यांचे पुढील गाणे उमलले, आणि १९९२ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत त्यांनी देवास सोडले नाही.

आता मातोश्रींच्या बाणगंगेकडे वळतो. वाळकेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार १७१५ च्या सुमारास रामा कामती या सारस्वत व्यापाऱ्याने केला. इंग्रजांच्या नोकरीत मोठ्या पदास चढलेल्या या गृहस्थावर १७२० मध्ये कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून खटला चालविण्यात आला. पुरावा म्हणून पत्रे दाखविली गेली, मालमत्ता जप्त झाली, आणि १७२८ मध्ये कैदेतच त्याला मरण आले. ती पत्रे बनावट होती, हे मागाहून उघडकीस आले. ज्या वर्षी आपले लोक अमझेऱ्यास विजय मिळवीत होते, त्याच वर्षी मुंबईत आपलाच एक माणूस खोट्या कागदावर तुरुंगात मेला. मी आजवर अनेकदा बाणगंगेच्या पायऱ्या उतरलो, पण ही गोष्ट मनात घेऊन कधी उतरलो नव्हतो.

इतके वाचून झाल्यावर प्रवासाचा बेत आपोआप ठरला. आज देवासहून संध्याकाळी गाडीत बसले, की पहाटे मुंबई येते. सुमारे आठशे किलोमीटर माणूस झोपेत ओलांडतो. सोय उत्तम, पण तिच्यात एक हानी आहे. अंतर डोळ्यांनी न पाहिल्यामुळे मुलांस आपण दोन गावांमध्ये केवढा मुलूख आणि केवढा काळ ठेवून आलो हे कळत नाही. म्हणून जाताना रात्रीची गाडी आणि परतताना दिवसाउजेडी आग्रा रस्ता, असे ठरविले. नाशिक, धुळे, सेंधवा, सातपुड्याचा घाट, आणि खलघाटास नर्मदेच्या काठी थोडे थांबणे. तेथून वाट वाकडी करून एक दिवस धारेस द्यावयाचा. मुंबईत पहिली सकाळ बाणगंगेची, मातोश्रींच्या पायांस झेपेल तशी, सावकाश. समुद्र व इमारती त्यानंतर. बालपक्षाने किंचित कुरकुर करून तडजोड मान्य केली. खर्चाचा अंदाज मोठा झाला, परंतु हुंडी काढावी लागणार नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

निघण्याच्या आदल्या दिवशी टेकडीवर जाऊन दोन्ही मातांचे दर्शन घ्यावे, हे आमच्या घरी न ठरविताच ठरलेले असते. रात्री मी मुलास जवळ बसवून त्याच्या प्रश्नाचे उत्तर सांगितले : बाळ, आपली माणसं निघाली तेव्हा मोठं गाव इकडे होतं, मग गाव तिकडे गेलं. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “मग पुढे ते पुन्हा कुठे जाईल?”

याचे उत्तर कोणत्याही ग्रंथात नाही. मातोश्री तेवढ्या म्हणाल्या, “जाईल तिकडे जाईल. आपण येताना दोघांनाही नमस्कार करून येऊ.”