द्वीपक-रोपण व प्रतिकारविलगन

प्रकार १ मधुमेहात शरीराच्याच टी-पेशी स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट करतात. दात्याच्या स्वादुपिंडातील लांगरहान्स द्वीपकांचे, म्हणजे बीटा पेशी असलेल्या पुंजक्यांचे, रोपण हा त्यावरचा एक उपाय. कॅनडातील एडमंटन येथे असे रोपण केलेल्या सातही रुग्णांची इन्शुलिनची इंजेक्शने सुटल्याचे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे मात्र सुटली नाहीत. ती टाळायची, तर द्वीपके अशा पडद्याआड ठेवावी लागतात, की ग्लुकोज, ऑक्सिजन व इन्शुलिनची ये-जा चालू राहील, पण प्रतिकारपेशींना आत शिरता येणार नाही. यालाच प्रतिकारविलगन म्हणतात.

पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या मकरंद रिसबूड, आनंदवर्धन हर्डीकर व रमेश भोंडे यांनी यासाठी कायटोसान–पॉलिव्हिनिल पायरोलिडोन जेल तपासले (२०००). कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळते. तपासणी प्रयोगशाळेतील पेशींवरची होती, रुग्णांवरची नव्हे. बातम्यांच्या उत्साहात हा फरक हमखास पुसला जातो.

प्रतिकारयंत्रणेलाच आवर घालणे ही दुसरी दिशा. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवलेल्या नियामक टी-पेशी तिच्या मुळाशी असून या क्षेत्रातील संशोधनाला २०२५ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. याच दिशेच्या, प्रकार १ मधुमेह लांबवणाऱ्या टेप्लिझुमॅब या औषधास अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली.