तेरड्याचं दूरचं माहेरघर

भाद्रपदात बुवापाड्याकडून अंबरनाथच्या बाजारात शिरलं की दूर्वा-आघाड्याशेजारी तेरड्याच्या जुड्या दिसतात. आपल्याकडे कित्येक घरांत हीच गौर. मुळं म्हणजे तिची पावलं, म्हणून रोप मुळासकटच घ्यायचं. पहिल्या पावसात रुजायचं, भाद्रपदात फुलायचं आणि ऑक्टोबरच्या उन्हात वाळून जायचं, एवढंच त्याचं आयुष्य.

याच रोपाला अमेरिकेच्या थंड ईशान्य भागातल्या जुन्या बागांमध्ये मानाची जागा मिळाली. सोळावं शतक संपण्याआधी ते इंग्लंडला पोचलं होतं. १७५३ साली वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने त्याचं शास्त्रीय नाव नोंदवताना मूळ ठिकाण ‘इंडिया’ असंच लिहिलं. पुढे थॉमस जेफरसनने १७६७च्या एप्रिलमध्ये व्हर्जिनियातल्या शॅडवेल इथे दुहेरी पाकळ्यांचा तेरडा पेरल्याची नोंद आपल्या बागवहीत केली. तेव्हा तो अजून अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष नव्हता, पंचविशीही न गाठलेला तरुण होता.

पण कोकणच्या दमट उतारावरचं हे झाड बर्फाच्या मुलखात टिकलं कसं? थंडी त्याला मुळीच सोसत नाही. एका रात्रीच्या हिमकडाक्यात ते काळं पडतं. त्याला तारलं ते त्याच्या घाईने. आपल्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा, आणि न्यू इंग्लंडचा, म्हणजे अमेरिकेच्या त्या ईशान्य भागाचा, हिमविरहित उन्हाळाही साधारण तेवढाच. शेवटचं हिम सरल्यावर पेरलं की दोनेक महिन्यांत फूल येतं आणि पुन्हा हिम पडायच्या आत शेंगा तडकून बी मातीत जातं. इथे ते बी कोरडे महिने निभावतं, तिथे बर्फाचे. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणून आपण ज्याला हिणवतो, त्याच्या या अल्पायुष्यानेच त्याला सातासमुद्रापार जगवलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

पूर्वेकडे जपान-कोरियात मुली याच्या पाकळ्या वाटून नखं रंगवू लागल्या. मेंदीतल्या रंगद्रव्याचा भाऊबंद तेरड्यातही आहे. युरोपातल्या माळ्यांना मात्र फुलात जास्तीत जास्त पाकळ्या हव्या होत्या. निवड करत करत त्यांनी गुलाबासारखी गच्च फुलं घडवली.

आता ‘बाल्सम’ नावाने त्याच दुहेरी वाणांची पाकिटं आपल्या रोपवाटिकांत मिळतात. कुंडीत ती शोभतात, जरूर लावावीत. तरी मला डोंगरावरचा एकेरी, गुलाबी, मागे मधाची बारीक शेपटी असलेला तेरडाच जास्त देखणा वाटतो. बदलापूर-अंबरनाथच्या आसपास उरलेल्या उतारांवर पावसाळ्यात तो अजून उगवतो. डोंगर फोडून इमारती उभ्या करताना त्याच्यासाठी थोडी उघडी माती राखली पाहिजे.