फटफटीचे बारा महिने

परक्या यंत्राला नाव देताना मराठी माणूस कधी डोळ्यावर विसंबतो, तर कधी कानावर. रेल्वेच्या इंजिनातला विस्तव पाहून त्याने तिला आगगाडी म्हटले. मोटारसायकल मात्र त्याने आधी ऐकली आणि मग पाहिली असावी. म्हणून ती फटफटी झाली. या चार अक्षरांत एक बारीकसा इतिहास दडलेला आहे. एकच सिलिंडर, दट्ट्याची लांब धाव आणि संथ फेरे असलेल्या इंजिनाचा ठोकाच असा सुटा सुटा ऐकू येतो. आणि अशा गाड्या आपल्याकडे आल्या त्या मुख्यतः विलायतेहून. बीएसए, नॉर्टन, मॅचलेस, ट्रायम्फ, रॉयल एन्फील्ड ही त्यांची मोठी घराणी.

टेंभुर्णीत बसून मी या घराण्यांची बखर लिहावी, याचे कारण अगदी घरगुती आहे. माझ्याजवळ १९६८ सालची एक बुलेट आहे आणि ती बारा महिने चालते. शाळेत, शेतावर, कुर्डुवाडीच्या स्टेशनावर, पंढरपूरला मी तिच्यावरूनच जात आलो. तिच्या पायी खर्च झालेल्या पैशांचा हिशेब मी ठेवलेला नाही. पण तिने एक प्रश्न मात्र मला कायमचा लावून दिला. ज्या देशात हे यंत्र जन्मले त्या देशात ते संपले. आणि जेथे त्याचा कारखाना नव्हता, धड रस्ते नव्हते, अशा आमच्या अवर्षणी मुलखात ते जगले कसे?

प्रथम कुळकथा सांगतो. इंग्लंडात एन्फील्ड गावी सरकारी बंदुकांचा कारखाना होता. १८५७ च्या उठावात ज्या बंदुकीच्या काडतुसांनी वणवा पेटला, ती बंदूक याच गावच्या नावाची. रेडिच येथील एका सायकल कारखान्याला पुढे या बंदूक कारखान्याचे सुटे भाग करून देण्याचे काम मिळाले, आणि त्याने आपल्या मालाला ‘रॉयल एन्फील्ड’ हे नाव घेतले. १९०१ मध्ये त्यांची पहिली मोटारसायकल निघाली. १९३२ मध्ये ‘बुलेट’ हे नाव आले. बंदुकीच्या गावाचे नाव लावणाऱ्या गाडीला गोळीचे नाव मिळावे, हे रीतीला धरूनच झाले.

दुसऱ्या महायुद्धाने या फटफट्यांना जगभर हिंडवले. निरोप्यांसाठी बीएसएने आपल्या एम-२० जातीच्या लाखाहून अधिक गाड्या बनवल्या. नॉर्टनची १६-एच आणि मॅचलेसची जी-३-एल याही लष्करी कामाला होत्या. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या खाजगी माणसांच्या हाती येऊ लागल्या. आमच्या गावाची जागाच अशी, की एक रस्ता पुण्याकडे जातो, एक सोलापूरकडे, एक करमाळ्यावरून नगरकडे आणि एक पंढरपूरकडे. पुणे आणि नगर या दोन्ही मोठ्या लष्करी छावण्या. तेव्हा त्या बाजूंनी आलेली खाकी रंगाची फटफटी येथल्या तिठ्यावर कधीतरी थांबली असणारच.

१९४९ पासून मद्रासची मद्रास मोटर्स ही पेढी ३५० ची बुलेट विलायतेहून आणून विकू लागली. लष्कराने ती सरहद्दीवरच्या गस्तीसाठी पसंत केली आणि मागणी वाढली. स्वतंत्र देशाचे धोरण आयातीला आळा घालण्याचे होते. म्हणून १९५५ मध्ये रेडिचची कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून ‘एन्फील्ड इंडिया’ स्थापन केली, आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे १९५६ मध्ये कारखाना सुरू झाला. आधी सुटे भाग इंग्लंडहून येत आणि येथे जोडले जात. पुढे भागही येथेच होऊ लागले.

यानंतर नियतीने जो डाव टाकला, तो एखाद्या नाटकात घातला तर प्रेक्षक विश्वास ठेवणार नाहीत. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला. १९७० मध्ये ती कंपनीच मिटली. मद्रासची शाखा मात्र जुन्याच साच्यातून जुनीच बुलेट काढीत राहिली, आणि १९७७ पासून तीच गाडी इंग्लंडला निर्यात होऊ लागली. मूळ वड वठला. पारंबी मात्र रुजली.

येथवर कारखान्याचा इतिहास झाला, आणि तो छापील पुस्तकांतून मिळतो. पण माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. गाडी मद्रासेत बनली हे खरे. पण ती टेंभुर्णीत वीस, तीस, पन्नास वर्षे चालली कोणामुळे? कारखान्याचा माणूस काही येथे येऊन बसत नव्हता.

याचे उत्तर शोधण्यासाठी विहिरीवर गेले पाहिजे. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना निघाला, आणि पुढच्या काळात आपल्या शेतकऱ्याने मोट सोडून इंजिन बसवले. त्या इंजिनालाही बहुधा एकच सिलिंडर, संथ फेरे, जड चाक आणि तसाच सुटा ठोका. शिवारात ज्याने ते खोलले, त्याचा व्हॉल्व्ह घासला, दट्ट्याच्या कड्या बदलल्या, त्याला बुलेटचे इंजिन परके वाटण्याचे कारण नव्हते. ते त्याला विहिरीवरच्या इंजिनाचे धाकटे भावंडच वाटले असेल.

दुसरे उत्तर वीसेक किलोमीटरवर, कुर्डुवाडीला आहे. १८९७ मध्ये तेथून बार्शीला एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. पुढे तिचे रूळ पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेले. १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, आणि २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत तिचे सर्व मार्ग रुंद झाले. या रेल्वेचा कारखाना कुर्डुवाडीत. विलायती इंजिने, विलायती आटे आणि विलायती पाने यांच्याशी या भागातल्या फिटरांचे हात तेथे पिढ्यान्‌पिढ्या खेळले. इंग्रजी यंत्राच्या नट-बोल्टांचे माप १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने ठरवले. त्याचा आटा पंचावन्न अंशांचा, आणि पान्यावरचा आकडा बोल्टाच्या जाडीचा. मिलिमीटरचा पाना त्याला लावला, की तो सैल बसतो आणि नटाचे कोपरे खाऊन टाकतो. जुन्या बुलेटवरही असे विलायती आटे बरेच आहेत. कुर्डुवाडीच्या हातांतले हे ज्ञान आसपासच्या गॅरेजांत झिरपले असावे, असा माझा तर्क आहे.

आता बारा महिन्यांची गोष्ट. फटफटी पाळणे म्हणजे बैल पाळण्यासारखे आहे. ऋतू बदलला की तिचे खाणे-पिणे आणि स्वभावही बदलतो.

चैत्र-वैशाखात येथला पारा बेचाळिसाच्या पुढे जातो. रेडिचच्या गारठ्यात जन्मलेल्या, वाऱ्यावर थंड होणाऱ्या या इंजिनात तेल पाण्यासारखे पातळ होते. तेव्हा जाड तेल घालायचे, ते लवकर बदलायचे, आणि दुपारी बारा ते चार गाडीला सावलीत ठेवायचे. या वेळात माणसानेही सावलीत राहणे शहाणपणाचे. तेव्हा दोघांचे पथ्य एकच.

मृग लागला की शत्रू बदलतो. आमच्याकडे पाऊस थोडा, पण माती काळी. ती चाक आणि पंखा यांच्या मध्ये अशी थापली जाते की चाक फिरायचे थांबते. तेव्हा काठीने गारा उकरीत बसणे हा प्रवासाचाच भाग होय. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटवर ओल गेली की गाडी मुकी होते. कोरड्या फडक्याने पुसले की पुन्हा बोलू लागते. ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी शिरले तर थोडे अंतर ब्रेक हलका दाबून धरीत जावे लागते. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर दिंड्या लागल्या, की पहिल्या गिअरात, पायी चालणाराच्या चालीने जावे लागते. लांब धावेचे इंजिन येथे कामाला येते. ते कुरकुरत नाही, धपापत नाही. वारकऱ्यांच्या मागून टाळाच्या ठेक्याला धरून चालते.

दिवाळीनंतर उसाचा हंगाम. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने या मुलखाचा रंग बदलला. ज्वारीच्या शिवारात ऊस उभा राहिला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून सांडलेली उसाची कांडी रात्री चाकाखाली आली तर काय होते, हे या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या कोणालाही विचारावे. आणि हाच ऊस आता माझ्या टाकीत येऊन बसला आहे! मळी आणि रसापासून केलेले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात, आणि २०२५ मध्ये त्याचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले. शेतकऱ्याच्या उसाला त्यामुळे गिऱ्हाईक मिळाले, ही आनंदाची गोष्ट. पण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. पत्र्याची टाकी आतून गंजते, जुन्या रबराच्या नळ्या फुगतात आणि चिरतात. त्यात पेट्रोलपेक्षा ताकद सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून कार्बोरेटरचा जेट थोडा मोठा करावा लागतो. नळ्या मी बदलून घेतल्या आणि टाकी फार दिवस अर्धी ठेवीत नाही. रेडिचच्या गाडीने माढ्याचा ऊस पचवायला शिकावे, याहून देशी होणे ते काय!

पौषाच्या पहाटे मात्र तिचा मानापमान सांभाळावा लागतो. कार्बोरेटरवरची बारीक खुंटी दाबून पेट्रोल थोडे ओसंडू द्यायचे. डाव्या हाताने दाब सोडणारी कळ धरायची आणि किक सावकाश खाली न्यायची. विजेच्या काट्यावर नजर ठेवायची. काटा मध्यावर आला की कळ सोडून द्यायची, किक वर येऊ द्यायची, आणि मग एकच पूर्ण लाथ. घाईने अर्धी लाथ मारणाराला ती उलट लाथ मारते. नव्या पिढीला बटणाची सवय आहे आणि त्यात गैर काहीच नाही. पण यंत्राच्या पोटात या घटकेला काय चालले आहे, हे बटण कधी सांगत नाही.

माझ्या गाडीचे मिस्त्री आता सत्तरीला आले आहेत. शाळेत ते चौथीपर्यंत गेले. एकदा गाडी ओढेना म्हणून मी त्यांच्याकडे नेली. त्यांनी पान्याला हात न लावता ती पाच मिनिटे नुसती चालू ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाले, “गुरुजी, टॅपेट लई घट्ट झालंय. थोडं वाजू द्या की त्याला. वाजत नाही ते जळतंय.” व्हॉल्व्ह पूर्ण मिटला नाही तर तापलेला वायू त्याची कड जाळतो, हे मी नंतर पुस्तकात वाचले. पुस्तकाला त्यासाठी एक पान लागले होते.

त्यांची दोन्ही मुले टेंभुर्णीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतात. बापाचा धंदा त्यांनी घेतला नाही, आणि त्यांना दोष देता येणार नाही. १९८५ मध्ये हीरो होंडा आली, आणि एका लिटरात दुप्पट अंतर जाणारी, किकला न रुसणारी गाडी गरीब माणसाने घेतली, हे योग्यच झाले. बुलेटची कंपनीही १९९४ मध्ये आयशरकडे गेली आणि पुढे सावरली; २०१० च्या सुमारास तिने जुने बिडाचे इंजिन सोडून नवे घेतले. विलायती घराणी आता आपल्याच अंगणात आली आहेत. बीएसए २०१६ मध्ये महिंद्रांच्या एका कंपनीने घेतली, नॉर्टन २०२० मध्ये टीव्हीएसने. आणि ट्रायम्फच्या काही गाड्या २०२३ पासून बजाजच्या चाकणच्या कारखान्यात होतात. ज्यांचे आटे आपण सोडवीत होतो, त्यांची नावे आपण विकत घेतली. या गोष्टीचा अभिमान जरूर वाटावा. पण नाव विकत घेता येते, तसा मिस्त्रींचा कान विकत घेता येत नाही.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपलीकडच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी सुरू केली. माझी गाडी त्या वयाची आहे. पण त्या नोंदणीची अट अशी, की गाडी प्रदर्शनाला, मेळाव्याला न्यावी. रोजच्या वापराला रस्त्यावर आणू नये. हेतू चांगला आहे, जुन्या वस्तूंची बूज राखण्याचा आहे. तरी मी तो मान घेतला नाही. दर पाच वर्षांनी तपासणी करून, जास्तीचा कर भरून मी तिची साधी नोंदणीच चालू ठेवतो. कारण काचेआड गेलेल्या गाडीला मिस्त्री लागत नाही, पुसायला एक फडके पुरते. गाडी रोज चालली, बिघडली, तरच तिचे ज्ञान कोणाच्या तरी हातात राहते. गेल्या वर्षापासून एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा शाळा सुटल्यावर मिस्त्रींच्या गॅरेजात येऊ लागला आहे. अजून तो पाने पुसतो आणि चहा आणतो. पण गाडी चालू झाली की मिस्त्री त्याला जवळ उभा करतात.

रेडिचच्या इंजिनिअरांची नावे पुस्तकांत आहेत. पॉइंटची फट सिगारेटच्या पाकिटाच्या कागदाने मोजणारे, मिळत नसलेला बुश खरादीवर करून घेणारे, पावसात तिठ्यावर कंदील धरून चेन जोडणारे जे शेकडो मिस्त्री महाराष्ट्राच्या तालुक्या-तालुक्यांत होऊन गेले, त्यांचे नाव कोणत्याही कागदावर नाही. ही दिवाळी सरण्यापूर्वी वाचकांनी आपल्या गावातल्या अशा एखाद्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे जाऊन बसावे, आणि तो काय काय सांगतो ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरून घ्यावे. त्याला घाई करू नये, एवढेच. अशी माणसे हातातले काम संपल्याशिवाय बोलत नाहीत.