माळा, मचाण आणि कमरेचा दोर

ज्वारीच्या कणसात चीक भरू लागला की परभणी जिल्ह्यातील बोरीच्या शिवारात पाखरांचे थवे उतरू लागतात. पीक माणसापेक्षा उंच. बांधावर उभे राहिले तर पहिल्या दोन-चार ओळींपलीकडचे काही दिसत नाही. म्हणून शेतात चार मेढी रोवायच्या, त्यांवर आडवी लाकडे बांधायची आणि वर बाज किंवा फळ्या टाकायच्या. हा झाला माळा. त्यावर उभा राहिलेला राखणदार गोफण फिरवून सारे शेत सांभाळतो.

हाच माळा झाडावर चढला की त्याचे मचाण होते. मराठवाड्यावर एके काळी कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती. त्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात मृगयेवर स्वतंत्र प्रकरण आहे. शिकार हा राजांचा अभ्यासाचाही विषय होता. पुढे इंग्रजी अमदानीतील शिकाऱ्यांनी मचाणाचा भरपूर वापर केला. गावातली एखादी बाज झाडाच्या दुबेळक्यात दोरांनी बांधली की काम भागे. जमिनीवरच्या जनावराची नजर सहसा वर जात नाही, हा उंचीचा मोठा फायदा.

परंतु या साऱ्या इतिहासात एक गोष्ट चटकन लक्षात येते. बाज झाडाला बांधली जाई, माणूस मात्र बहुधा मोकळाच असे! रात्रभर बसून डुलकी लागली, लाकूड मोडले किंवा उतरताना पाय निसटला, तर त्याला धरणारे काही नव्हते. पाच मीटर उंचीवरून पडणारा माणूस एका सेकंदात जमिनीवर पोचतो. त्या वेळी त्याचा वेग ताशी ३६ किलोमीटर असतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत हरणांच्या शिकारीसाठी पाठीवर नेता येणारी मचाणे आली. त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. चौकटीचा पट्टा खोडाला मागून वेढा घालतो आणि बसण्याचा भाग पुढे असतो. पुढे वजन पडले की चौकट कलते. मागचा पट्टा वरच्या बाजूला आणि पुढची कड खालच्या बाजूला खोडात रुतते. वजन जितके जास्त, तितकी पकड घट्ट. वजन काढून चौकट थोडी उचलली की पकड सुटते. अशा दोन चौकटी आळीपाळीने वर सरकवत माणूस चढतो. केरळात विकसित झालेली नारळावर चढण्याची यंत्रेही याच तत्त्वावर चालतात.

पण पकड वजनावर अवलंबून, म्हणजे वजन हलले की धोका आलाच. म्हणून माणूस स्वतंत्रपणे खोडाला बांधलेला हवा, आणि तोही वर पोचल्यावर नव्हे, तर जमिनीवरून पाय उचलल्यापासून.

दोर कसा बांधायचा, हेही महत्त्वाचे. समजा, ६० किलोचा माणूस एक मीटर ढिल्या दोरासह पडला आणि दोराने त्याला पुढच्या दहा सेंटिमीटरांत थांबवले. त्या वेळी शरीरावर सरासरी त्याच्या वजनाच्या अकरा पट, म्हणजे ६६० किलो वजनाइतका ओढा बसेल. ढील दहाच सेंटिमीटर असेल, तर हा ओढा केवळ दुप्पट राहील. म्हणून दोर ताठ आणि डोक्याच्या वर बांधतात. ओढा एकट्या कमरेवर येऊ नये म्हणून तो मांड्या व छातीवर वाटणारे पट्टे वापरतात.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे युग संपवले. मचाण मात्र राहिले. ताडोबा, मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ मचाणांवर बसून लोक प्राण्यांची नोंद करतात. बंदुकीची जागा वहीने घेतली.

झाडावर चढण्याची जोखीम मात्र आज शिकाऱ्याची नाही, ती पोटासाठी चढणाऱ्याची आहे. कोकणातला पाडेली, गोव्यातला रेंदेर, तेलंगणातला ताडी काढणारा हे रोज झाडावर चढतात. मराठवाडा आणि तेलंगण १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. त्या राज्याला ताडी-शिंदीच्या अबकारीतून मोठे उत्पन्न मिळे. ताडी काढणाऱ्यांना सुरक्षा-साधनांचे संच देण्याची योजना तेलंगण सरकारने सुरू केली ती २०२४ मध्ये! दोर माणसाला हजारो वर्षे ठाऊक होता. चढणाऱ्याचा जीव मोलाचा आहे, हे ठरवायला वेळ लागला.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. बारीक दोऱ्याला पेलेल एवढा दगड बांधून अलगद लोंबकळत सोडा, दोरा टिकेल. मग तोच दगड हाताने वर उचलून सोडा, दोरा तुटेल. (दगडाखाली कोणाचा पाय नको.) दगड तोच, दोरा तोच, फरक फक्त ढिलाचा. जांभळासाठी किंवा चिंचेसाठी झाडावर चढणाऱ्या विद्यार्थ्यांना हे एकदा दाखवले, तर निराळे सांगण्याची गरज पडणार नाही, असे आम्हांस वाटते.