विमान चढताना गचके का बसतात?

गेल्या वैशाखात आमच्या गटातल्या एक मावशी पहिल्यांदाच विमानात बसल्या, जळगाव ते पुणे. विमान वर चढू लागलं आणि असे गचके बसले की शेजारच्या बाईचा धरलेला हात त्यांनी पुण्यापर्यंत सोडला नाही. बचतीच्या बैठकीत त्यांनी आम्हाला विचारलं, "काहो ताई, तो पायलट विमान नीट सरळ का चढवत नाही?" उत्तर शोधायला गेलो, तर जुना इतिहास हाती लागला.

गचक्यांचं मूळ आपल्या शेतातच आहे. नांगरून पडलेली काळी रानं उन्हाने तापली की तापलेली हवा वर उठते. वावटळ त्यातूनच होते. घार पंख न हलवता वर जाते ती याच हवेवर. वादळी ढगात हा जोर कितीतरी वाढतो, आणि वर जाणाऱ्या हवेच्या शेजारीच खाली येणारी हवा असते.

मावशींचं विमान पंख्याचं होतं. जेटची गोष्ट आणखी नाजूक. एअर इंडियाकडे पहिलं बोइंग 707 आलं 1960 साली. जेटचं नाक जरा खाली झुकलं की वेग भराभर वाढतो. हे किती महागात पडतं ते 12 फेब्रुवारी 1963 ला अमेरिकेत कळलं. मायामीहून शिकागोला निघालेलं एक जेट वादळातून चढत होतं. वर जाणाऱ्या हवेने ते उचललं आणि मिनिटाला सुमारे 9,000 फुटांच्या वेगाने ते 19,000 फुटांच्या वर गेलं. वैमानिकांनी नाक खाली दाबलं. ते इतकं झुकलं की विमान सुळकी मारून खाली आलं आणि 10,000 फुटांच्या खाली त्याचे तुकडे झाले. 43 जण गेले, एकही वाचलं नाही. चौकशीत निघालं की एकट्या वादळाने हे केलं नव्हतं. हवेचे झोत आणि सुकाणूच्या मोठ्या हालचाली, दोन्ही मिळून विमान हातचं गेलं.

त्यानंतर वैमानिकांना नवी शिकवण मिळाली. खराब हवेत उंचीच्या काट्यामागे धावायचं नाही. काटा शे-दोनशे फूट वर-खाली झाला तर होऊ द्यायचा. ठरलेला वेग ठेवायचा, इंजिनाचा जोर सारखा कमी-जास्त करायचा नाही, आणि समोरच्या कृत्रिम क्षितिजाच्या यंत्रावर नजर ठेवून नाक आणि पंख जागेवर धरायचे. उतारावर बैल बिथरले की कासरा हिसडत नाहीत, तसंच काहीसं.

पण ते क्षितिजाचं यंत्रच बिघडलं तर? ते घडलं आपल्या मुंबईत. 1 जानेवारी 1978 च्या रात्री एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे बोइंग 747 सांताक्रूझहून दुबईला निघालं. इथे वादळाचा दोष नव्हता. वळण घेऊन विमान सरळ झालं, तरी कॅप्टनपुढचं यंत्र ते उजवीकडे कललेलंच दाखवत राहिलं. बाहेर काळोख, खाली समुद्र, डोळ्यांना खरं क्षितिज दिसायला जागा नाही. कॅप्टन डावीकडे वळवत गेले. बाकीची यंत्रं तिथेच होती, पण ताडून बघायला वेळ पुरला नाही. उड्डाणाला दोन मिनिटं व्हायच्या आत विमान वांद्र्याजवळच्या समुद्रात पडलं. 213 माणसं गेली. आम्ही गटाच्या पासबुकाचा आणि रोकड वहीचा मेळ घालायला किती वेळ घेतो, आणि त्या माणसांकडे सेकंदं होती!

हे सगळं आम्ही बैठकीत वाचून दाखवलं. 1978 चं ऐकताना बाया गप्प झाल्या. मावशी मात्र 1963 वरच अडकल्या होत्या. म्हणाल्या, "म्हणजे गचके बसत होते तेव्हा तो मुद्दामच दांडा हिसडत नव्हता?"

हो मावशी, मुद्दामच. मग त्यांनी दिवाळीच्या तिकिटाचं विचारलं.