विजयदुर्गची गोदी

तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी वर्षानुवर्षं थिसिअसच्या जहाजाचं कोडं शिकवलं. जहाजाच्या सगळ्या फळ्या एकेक करून बदलल्या, तर जहाज तेच राहिलं का? मुलं तासभर भांडायची. पण फळ्या बदलायच्या कुठे, हे कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही. आरमाराच्या इतिहासात मात्र पहिला प्रश्न तोच.

आपल्या विजयदुर्ग किल्ल्यापासून तीनेक किलोमीटरवर, वाघोटन खाडीच्या काठी, खडक तासून केलेली आंग्रेकालीन गोदी आहे. लांबी सुमारे 109 मीटर, रुंदी 70. भरतीच्या पाण्यावर गुराब आत घ्यायची, पाणी उतरलं की कामाला लागायचं. लाकडी जहाजाच्या बुडाला कालवं धरतात, किडा लाकूड पोखरतो. ते खरवडायचं, सांधे बुजवायचे, तेलाचा लेप द्यायचा. हे वरचेवर झालं नाही तर जहाजाची चाल मंदावते, आणि मंद जहाज ना पाठलागाच्या कामाचं, ना पळण्याच्या.

आता इंग्रजांकडे बघा. 1755 च्या नोव्हेंबरात अ‍ॅडमिरल वॉटसनचं आरमार मुंबईला आलं. त्यांचं घर महिनोन्‌महिन्यांच्या वाटेवर. बूड साफ करायला तिकडे कोण जाणार? पण मुंबईत कंपनीने 1750 सालीच कोरडी गोदी बांधलेली, लवजी वाडियांसारखे कसबी लोक हाताशी. शिवाय मुंबईला भरती-ओहोटीचा फरक मोठा, त्यामुळे मोठी जहाजंही आत घेता येत. तिथे डागडुजी करून हेच आरमार फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गवर चालून आलं. नानासाहेब पेशव्यांच्या संगनमताने आलं, हेही सांगायला हवं.

तुळाजी आंग्र्यांची जहाजं किल्ल्याच्या आश्रयाला शेजारी शेजारी बांधलेली होती. त्यांतलं 'रिस्टोरेशन' हे कंपनीकडूनच पूर्वी पकडलेलं. तोफगोळ्याने ते पेटलं आणि आग बाकीच्या जहाजांवर पसरली. जिथे दुरुस्ती, तिथेच नांगर, आणि तिथेच रणांगण!

'पेशव्यांनी आपलंच आरमार बुडवलं', हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. ते खोटं नाही, अपुरं आहे. जहाजं जळाली, खडकातली गोदी थोडीच जळते? त्याच वर्षी ऑक्टोबरच्या तहात बाणकोटच्या बदल्यात विजयदुर्ग पेशव्यांकडे आला. तिथे धुळपांच्या हाताखाली आरमार पुन्हा उभं राहिलं, आणि 1783 मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं 'रेंजर' जहाज पकडलं.

मग कमी काय पडलं? माझ्या मते, दुसरं घर. किनारा लांबलचक, पण वाटलेला. कुलाबा आंग्र्यांच्या दुसऱ्या पातीकडे, मालवणचा सिंधुदुर्ग करवीरकरांकडे. एकाचं जहाज मोडलं तर दुसऱ्याच्या बंदरात हक्काने शिरावं, असं उरलंच नव्हतं. 1765 मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असं नावसुद्धा दिलं. सांभाळणं परवडेना, म्हणून पुढच्याच वर्षी पैसे घेऊन करवीरकरांना परत केला. मुंबईची गोदी हाताशी होती. मालवणवाचून त्यांचं काहीच अडत नव्हतं.