टी-पेशी कशा जागृत होतात?

चंद्रपूर जिल्ह्यातील माजरी हे कोळसा खाणींचे गाव. तेथून जवळच असलेल्या वरोऱ्यात बाबा आमटे यांनी १९४९ साली कुष्ठरुग्णांसाठी आनंदवनाची स्थापना केली. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत आजही कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आढळतात. या रोगाचा जंतू एकच. मात्र काहींच्या त्वचेवर मोजके बधिर चट्टे उमटतात, तर काहींच्या शरीरात असंख्य जंतू पसरतात. बहुसंख्य लोकांना जंतूशी संपर्क येऊनही रोग होत नाही. हा फरक मुख्यत्वे टी-पेशींच्या प्रतिसादावर अवलंबून असतो.

टी-पेशी हा पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार असून त्या थायमस ग्रंथीत परिपक्व होतात. त्यांच्या पृष्ठभागावर ग्राही रेणू असतात. जंतू गिळलेली पेशी त्याच्या प्रथिनाचा तुकडा 'एचएलए' या रेणूवर ठेवून बाहेर मांडते. ग्राही त्या तुकड्याशी जुळला, की पहिला संदेश मिळतो. ग्राहीचे पेशीतील टोक अगदी आखूड असते. त्यामुळे संदेश आत नेण्याचे काम त्याला जोडलेली 'सीडी-३' प्रथिने करतात. 'एलसीके' हे विकर त्यांवर फॉस्फेट चढवते आणि तेथे 'झॅप-७०' हे दुसरे विकर येऊन बसते. पुढे पेशीतील कॅल्शियम वाढते, 'एनफॅट' हे प्रथिन केंद्रकात शिरते व इंटरल्यूकिन-२चे जनुक कार्यान्वित होण्यास मदत करते.

परंतु एवढ्याने भागत नाही. 'सीडी-२८' या दुसऱ्या ग्राहीला समोरच्या पेशीवरील 'बी-७' रेणूकडूनही संदेश मिळावा लागतो. तो न मिळाल्यास टी-पेशी निष्क्रिय होऊ शकते. शरीराने स्वतःच्याच ऊतींवर हल्ला करू नये, यासाठी ही दुहेरी अट उपयोगी पडते.

मोजके चट्टे असलेल्या रुग्णांत जागृत टी-पेशी गॅमा इंटरफेरॉन स्रवतात आणि महाभक्षक पेशींना जंतू मारण्यास प्रवृत्त करतात. जंतू सर्वत्र पसरलेल्या रुग्णांत मात्र टी-पेशी कुष्ठजंतूला जवळजवळ प्रतिसादच देत नाहीत. तीव्र प्रतिसादही निर्धोक नसतो; त्यातील दाहामुळे चेतातंतूंना इजा होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली शिफारस केलेली बहुविध औषधोपचार पद्धती दोन्ही प्रकारांत जंतूंचा नाश करते व शासकीय आरोग्य केंद्रांत मोफत मिळते. पूर्णपणे नष्ट झालेली संवेदना मात्र सहसा परत येत नाही. म्हणूनच बधिर चट्टा दिसताच तपासणी करून घेणे हिताचे ठरते.